अडतीस पट्ट्यांचं कुंकू

या, असे जवळ येऊन बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे सरकावं, कारण आजची गोष्ट लाउडस्पीकरवरून सांगण्यासारखी नाही. हसू आलं तर खुशाल हसा. पण ज्याला हसाल तो माणूस भला आहे, एवढं मनात असू द्या. गोष्ट आहे रुपरावांची, अडतीस पट्ट्यांची आणि अकरा वाजून बेचाळीस मिनिटांच्या मुहूर्ताची.

रुपराव हिंगण्याच्या एमआयडीसीत, अवजड यंत्रं उचलून देणाऱ्या एका कंपनीत अठ्ठावीस वर्षं मुकादम. क्रेन कितीही मोठी असो, तिचा हूक आणि खालचं ओझं यांच्यामध्ये जे असतं ते रुपरावांच्या हातचं. कधी तारेचा दोर, कधी साखळी, कधी कापडी पट्टा. पट्टा म्हणजे चार बोटं रुंद, जाड विणीचा, दोन्ही टोकांना फास शिवलेला. त्या फासाला कारखान्यात 'डोळा' म्हणतात. लोखंडाला साखळी चालते, पण जिथे ओरखडासुद्धा पडायला नको तिथे पट्टाच लागतो.

रुपरावांना कामाखालोखाल एकाच गोष्टीचं वेड होतं, ते म्हणजे कीर्तनाचं. बुवा उभे राहिले की यांचे डोळे मिटत, मान डोलू लागे आणि चेहऱ्यावर असं काही समाधान पसरे की शेजारच्यालाही बरं वाटे. पंचाईत इतकीच, की कोणीही उभं राहून हातवारे करत बोलू लागलं की त्यांचे डोळे सवयीनं मिटायचे. दोन महिन्यांपूर्वी संघपाल नावाचा नवा सेफ्टी ऑफिसर आला. त्यानं भिंतीवर रंगीत चित्रं दाखवून तासभर समजावलं, की तपासणीत नापास झालेल्या पट्ट्यावर लाल ठिपका असेल, आणि लाल ठिपक्याच्या पट्ट्याला हात लावायचा नाही. रुपरावांनी पूर्ण तास डोळे मिटून, मान डोलावत ऐकला. शेवटी हातही जोडले. संघपालला वाटलं, इतकं मन लावून कोणीच ऐकलं नाही.

आता रुपरावांची सासुरवाडी पारशिवनीजवळच्या एका गावात. तिथे मारुतीचं नवं देऊळ झालं होतं, आणि अडीच टनांची काळ्या पाषाणाची मूर्ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, एकादशीला, अकरा बेचाळीसला चौथऱ्यावर चढवायची होती. लग्नाला तीस वर्षं झाली तरी सासुरवाडीत एकच थट्टा चालायची. मोठे मेहुणे नानाजी पंगतीत सगळ्यांसमोर विचारत, "जवाईबापू, अजून दोऱ्याच ओढून राहिले का कंपनीत?" यंदा रुपरावांनी भर पंगतीत सांगून टाकलं, "मूर्ती मी चढवतो. मिनिट इकडचं तिकडं झालं तर नाव सांगणार नाही." मालकानं देवाच्या कामाला क्रेन दिली. बायको मनकर्णा तीन दिवस आधीच माहेरी जाऊन बसली आणि भावाला ऐकू जाईल अशा आवाजात नवऱ्याच्या कामाची वर्णनं करू लागली. रुपरावांची तीस वर्षांची अब्रू आता त्या अकरा बेचाळीसवर टांगलेली होती.

अष्टमीच्या संध्याकाळी संघपालनं अडतीस पट्टे तपासले, सातांवर लाल ठिपका दिला, नंबर रजिस्टरमध्ये लिहिले आणि तो दोन दिवसांच्या रजेवर गेला. दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणाऱ्या लोकांना पाणी वाटायला तो दरवर्षी उभा राहायचा. उरलेल्या पट्ट्यांना हिरवा ठिपका आणि नापास सातांना कात्री, हे दोन्ही आल्यावर करायचं होतं.

नवमीला कारखान्यात अवजारांची पूजा. शेड झाडायला कौसल्याबाई होत्या. रुपराव एका वाटीत कुंकू कालवत होते, तेही तिळाच्या तेलात, म्हणजे वर्षभर टिकावं. ओठांवर अभंग होता.

"भाऊ, ह्या पट्ट्याइले मळक्या चिंध्या लोंबून राहिल्या," कौसल्याबाई म्हणाल्या. "पूजेच्या दिवशी बरं दिसते का? कापून टाकू का?"

"हाव, हाव," रुपराव म्हणाले. त्यांच्या कानात त्या वेळी टाळ वाजत होते.

मग ते वाटी घेऊन पट्ट्यांपाशी आले आणि थबकले. सात पट्ट्यांवर आधीच लाल ठिपके!

"कौसल्याबाई, तुम्ही सुरू केली होती का पूजा?"

"मी नाई जी. मी तं झाडूच लावून राहिली."

"मंग अर्धी पूजा कोणं सोडली?" रुपराव कळवळले. "सातांले कुंकू अन् बाकीच्यांनी काय पाप केलं?"

आणि त्या भल्या माणसानं उरलेल्या एकतीस पट्ट्यांना, नेमक्या त्याच जागी, नेमक्या तेवढ्याच आकाराचा ठिपका लावला. देवापुढे भेदभाव नको.

एकादशीची पहाट झाली. क्रेन अंधारातच पारशिवनीकडे निघून गेली, कारण तिची चाल गोगलगायीची. पट्टे तेवढे रुपराव स्वतः नेणार होते. सात वाजता ते नवा पांढरा सदरा घालून शेडमध्ये आले. मागोमाग संघपालही हजर झाला. त्यानं पट्ट्यांकडे पाहिलं, हेल्मेट काढलं, पुन्हा घातलं.

"काका, अडतीसच्या अडतीस रिजेक्ट कोणी केले?"

"रिजेक्ट? पूजा केली जी."

"पूजा?"

"नवमीची. कोणतरी अर्धी सोडली होती, मी पुरी केली. सात होते, अडतीस केले."

संघपाल मटकन ड्रमवर बसला. "काका, ते सात माझे होते."

"अरे वा! म्हणजे सुरुवात तुम्ही केली?" रुपरावांना भरून आलं. "साहेब, मले वाटलं नव्हतं तुम्ही कुंकू लावान म्हणून!"

"कुंकू नाही काका, ऑइल पेंट! लाल म्हणजे नापास! मी चित्रं दाखवली होती, तुम्ही समोरच बसले होते, मान हलवून राहिले होते!"

रुपरावांना आठवण्याचा प्रयत्न करूनही फक्त एक शांत, सुंदर तास आठवला.

"घाबरू नका," संघपाल म्हणाला. "रजिस्टरमध्ये नंबर आहेत. आणतो. तोवर कशाला हात लावू नका."

पण हात न लावता बसणं हे मुकादमाच्या जिवाला जमत नाही. रुपरावांच्या डोक्यात आलं, कुंकू काय, पुसलं जाईल. पेंट काय, पुसला जाणार नाही. पुसून पाहिलं की जे उरतील ते सात नापास. विचारात काही खोट नव्हती. कोरड्या कापडानं तेलातलं कुंकू हललं नाही, म्हणून त्यांनी थिनरचा डबा उघडला. संघपाल रजिस्टर घेऊन परतला तेव्हा अडतीसही पट्ट्यांवर एकसारखे गुलाबी फराटे पसरले होते. ठिपका एकावरही नव्हता, आणि रुपराव कपाळाचा घाम पुसत होते. सदराही आता गुलाबी होता.

"पेंटही निघते थिनरनं," त्यांनी बारीक आवाजात माहिती दिली.

"त्यासाठीच असते थिनर, काका." संघपालनं दीर्घ श्वास घेतला. "बरं. नंबर बघू. अकरा, चौदा, एकोणीस... टॅगवर नंबर आहेत." त्यानं एक पट्टा उलटला. दुसरा उलटला. दहावा उलटला. "काका, टॅग कुठे गेले?"

"टॅग म्हणजे?"

"पट्ट्याला शिवलेली चिठ्ठी. नंबर, किती टन उचलायचं, सगळं त्याच्यावर असते. टॅग नसला तर पट्टा नवा कोरा असला तरी वापरायचा नाही."

रुपरावांच्या कानातले टाळ आत्ता कुठे थांबले. "कौसल्याबाई..." त्यांनी हाक मारली.

कौसल्याबाई धावत आल्या त्या चेहऱ्यावर अभिमान घेऊन. हातात पिशवी होती. "हे घ्या. एकबी फेकली नाई. कामाच्या असन म्हणून सगळ्या जपून ठेवल्या. मोजून अडतीस!"

टेबलावर अडतीस चिठ्ठ्यांचा ढीग पडला. समोर अडतीस पट्टे. कोणाचं लग्न कोणाशी लावायचं, हे आता ब्रह्मदेवालाच ठाऊक. रजिस्टर मिटून संघपालनं ते छातीशी धरलं.

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही काम छान केलं. फक्त..."

"राहू द्या जी, त्यात काय!" कौसल्याबाई म्हणाल्या आणि समाधानानं परत गेल्या.

तेवढ्यात रुपरावांचा फोन वाजला. मनकर्णाबाई होत्या. मागे हार्मोनियम, टाळ आणि पन्नास माणसं एकदम बोलल्याचा गलबला.

"अवो, निघाले का नाई? क्रेन येऊन उभी हाये. नानाजी दर पाच मिनिटाले विचारून राहिले."

"अवं, थांब जरा. सगळे रिजेक्ट झाले."

"काय रिजेक्ट झालं?"

"सगळं! एकबी पास नाई. लाल निघाले सारे. साहेब म्हणून राहिले, चढवाचं नाई." इतकं बोलले आणि रेंज गेली.

पाचव्या मिनिटाला नानाजींचा फोन आला. आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरूनही संघपालला ऐकू जावा.

"जवाईबापू! आमचा मारुती रिजेक्ट करणारे तुम्ही कोण?"

"नाई नाई, दादा, मारुती नाई—"

"पाषाण आम्ही पारखून आणला! अन् लाल म्हणे! काळा कुळकुळीत हाये! कोणता साहेब हाये तो? डोळे तपास म्हणा त्याचे!"

"दादा, साहेबच डोळे तपासते. पट्ट्याचे. पट्ट्याले डोळे असते..."

पलीकडे फोनवर हात ठेवल्याचा आवाज आला. मग नानाजींनी कोणाला तरी सांगितलेलं ऐकू आलं, "मनकर्णे, जवाई बरे आहेत ना तिकडं?"

फोन ठेवून रुपराव ताठ उभे राहिले. पुरे झाली फजिती. घड्याळात आठ वाजले होते.

"साहेब, साखळी नेली तर?"

"नाक तुटेल मूर्तीचं, नाही तर कान."

"मंग आयका. अठ्ठावीस वर्षं हे हात पट्टे चाळून राहिले. मले चिठ्ठी नाई लागत." त्यांनी ढिगातून दोन पिवळे पट्टे निवडले. पिवळा म्हणजे तीन टनांचा. त्यांनी ते ताणले, झटकले, उजेडात धरले. "हे पाहा. सोनं हाये सोनं. ह्या दोघांवर मी माह्या सासऱ्याले टांगीन."

संघपालनं वाद घातला नाही. एक पट्टा मांडीवर घेतला आणि सोवळ्यातल्या माणसानं जपमाळ ओढावी तसा बोटांतून पुढे पुढे सरकवू लागला. वरून, खालून, मग काठ, मग शिवण. शेवटी डोळ्यापाशी आला. डोळ्याची घडी दाबून शिवलेली असते. तिच्या आत सहसा कोणी बघत नाही. त्यानं घडी उलगडली आणि आत बोट घातलं.

बोट दुसऱ्या बाजूनं बाहेर आलं.

रुपराव त्या बोटाकडे बघतच राहिले. कधीतरी कुठल्या तरी लोखंडाच्या धारेवर पट्टा घासला होता आणि आतून अर्ध्याच्या वर कापला गेला होता. बाहेरून सोनं. ह्याच पट्ट्यावर अडीच टनांचा पाषाण हवेत असता, आणि खाली हार घेऊन कोण उभं असतं? मनकर्णा सगळ्यांत पुढे. तिला पुढेच लागतं.

संघपालनं पट्टा हळूच खाली ठेवला.

"माझंही चुकलं, काका," संघपाल म्हणाला. "नापास पट्टे त्याच संध्याकाळी बाजूला काढून कापायला पाहिजे होते. सुट्टीची घाई होती मला."

रुपरावांनी कात्री आणली आणि स्वतःच्या हातानं तो पट्टा मधोमध कापला. आवाज करकरीत आला. "दुसरा उपाय सांगा साहेब. मुहूर्त गेला तं जाऊ द्या. नाव मी सांगणारच नव्हतो, तं नाई सांगत."

उपाय होता. दोन कोरे पिवळे पट्टे, टॅगसकट, प्लॅस्टिकच्या पिशवीत, स्टोअरच्या कपाटात होते. कपाटाची किल्ली स्टोअरकीपर श्वेताकडे, आणि श्वेता सुट्टीवर, हुडकेश्वरला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. फोन केला तेव्हा ती एकादशीची साबुदाण्याची उसळ परतत होती. "काका, उसळ झाली की निघते," म्हणाली आणि शब्दाला जागली. येताना डबाही घेऊन आली. पण यायला साडेनऊ झाले. संघपालनं कोरे पट्टेसुद्धा इंच न् इंच बोटांतून काढले. रुपराव यावेळी डोळे उघडे ठेवून बघत होते. पावणेदहाला संघपालच्या मोटारसायकलवर दोघं निघाले. दीक्षाभूमीवरून परतणाऱ्या गाड्यांनी रस्ते भरलेले. कामठी रोडला अर्धा तास गेला. रुपराव मागे बसून पट्ट्यांची पिशवी लेकरासारखी पोटाशी धरून होते. पारशिवनीच्या अलीकडेच घड्याळात अकरा बेचाळीस झाले. त्यांनी घड्याळ खिशात टाकलं.

गावात पोचले तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. मंडपात बुवांचं कीर्तन चालू होतं. पट्टे आले नाहीत म्हणून बिचाऱ्यांनी हनुमंताला दोनदा लंकेला पाठवून दोनदा परत आणलं होतं. घसा बसला होता. देवळासमोरच्या चौथऱ्यावर शाल अंथरलेली, झेंडूच्या माळांनी सगळा झाकलेला. आणि वाटेतच नानाजी कमरेवर हात देऊन उभे.

"या! या जवाईबापू! सदरा तं मस्त रंगवला. धुळवड खेळून आले का दसऱ्याची?"

माणसं हसली. मनकर्णाबाईंनी मान खाली घातली, आणि रुपरावांना त्या हसण्यापेक्षा ती मान लागली.

"दादा, बोलाचं ते मंग बोला. मले दोन मिनिटं माइक द्या."

बुवांनी अत्यानंदानं माइक दिला.

"मंडळी, मुहूर्त माह्यामुळं चुकला," रुपराव म्हणाले. "मारुती रिजेक्ट नव्हता. पट्टे रिजेक्ट होते. मी नापासाच्या ठिपक्याले कुंकू समजलो, पास पट्ट्याले कुंकू लावलं, मंग पुसाले गेलो तं सगळंच पुसलं. हे साहेब मले दोन महिने आधी सांगून गेले होते, मी डोळे मिटून बसलो होतो. तरीबी सकाळी मी म्हणत होतो, चालते, नेऊ. जो पट्टा मी आणणार होतो तो आतून कापला होता. तुमच्या डोक्यावर मूर्ती पडली असती. साहेबानं बोट घालून दाखवलं म्हणून आज सगळे उभे हाये. चूक माही हाये. मले काय म्हणाचं ते म्हणा, पण मनकर्णेले नका म्हणू."

नानाजींच्या तोंडात आलेला टोमणा तिथेच विरघळला असावा. मग ते एकदम सावरून म्हणाले, "बरं बरं. गेलं ते गेलं. बुवा म्हणून राहिले की अभिजित मुहूर्त अजून थोडा बाकी हाये. लावा पट्टे, चढवा लवकर!"

"चढवा! चढवा!" सगळे उठले. शंख फुंकला गेला. क्रेनचं इंजिन घरघरलं.

"नका चढवू!"

हा आवाज चौथऱ्याच्या मागून आला. गवंडी लहानू तिथे उकिडवा बसला होता. चौथरा बांधायचं काम त्याचं. सकाळपासून तो तिथून हलला नव्हता, आणि लोकांना वाटत होतं, काय भक्ती आहे.

"काहून गा लहानू?" नानाजी ओरडले. "तुले काय झालं आता?"

लहानू उठला. हात जोडले. पाय असे थरथरत होते की धोतराचा सोगा हलत होता. "चौथरा कच्चा हाये, नानाजी. चार रोज आधी भरतो म्हणलं होतं, पण दुसऱ्या गावच्या कामात अडकलो. आज पहाटं भरला. वरून शाल टाकली, माळा टाकल्या. सकाळपासून देवाले एकच मागून राहिलो, का आज मूर्ती चढू नको. साडेअकरा झाले, जवाई आले नाई, मले वाटलं देवानं आयकलं. मंग हे जवाई आले अन् सगळ्यासमोर आपली चूक सांगतली. आता माह्यानं चूप बसवत नाई."

संघपाल पुढे झाला. माळा सारल्या, शाल उचलली, खिशातून एक लांब खिळा काढून चौथऱ्यावर टेकवला. खिळा हळूच, कसलीही तक्रार न करता, डोक्यापर्यंत आत गेला.

नानाजींनी त्या खिळ्याकडे पाहिलं. मग क्रेनकडे, मग मूर्तीकडे. अकरा बेचाळीसला अडीच टन त्या ओल्या गाऱ्यावर बसले असते तर मारुतीराय गावासमोर आडवे झाले असते, आणि पहिला हार घालायचा मान नानाजींचा होता. ते मंडपाच्या खांबाला धरून खाली बसले.

"जवाईबापू," खालूनच ते म्हणाले, "उशीर केला ते बरं केलं."

तीस वर्षांत सासुरवाडीनं रुपरावांचं केलेलं हे पहिलं कौतुक, आणि तेही उशिरा आल्याबद्दल. मनकर्णाबाई पदराआड हसल्या. बुवांनी बसलेल्या घशानं जाहीर केलं की कोजागरीच्या पुढे चांगला दिवस पाहू, तोवर सिमेंटही आपलं तप पुरं करील. क्रेन जशी आली तशी परत गेली. कोरे पट्टे न वापरताच परत गेले. श्वेतानं दिलेली उसळ मात्र वाया गेली नाही. ती संघपाल, रुपराव आणि लहानू यांनी एकाच डब्यातून खाल्ली.

पुढे तीन आठवड्यांनी मारुती चढला. दोरी बांधून लोकांना लांब उभं केलं होतं, मनकर्णाबाईंनाही. कामाला मोजून चौदा मिनिटं लागली, आणि सांगण्यासारखं त्यात काही घडलं नाही.

त्या गावाला कधी गेलात तर दर्शन घ्या. मूर्ती देखणी आहे. पण हात जोडाल तेव्हा मनात लहानू गवंड्यालाही एक जागा द्या. शंख वाजत असताना, सगळा गाव "चढवा" म्हणत असताना, ज्यानं थरथरत्या पायांनी उभं राहून "नका" म्हटलं, त्याची आठवण असू द्या.